परसातली दुसरी चूल : सडक अर्जुनीची आबादी आणि घरबांधणीचे कायदे

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाची गावे एकाहून अधिक. तालुक्याच्याच दोन : एक अर्जुनी मोरगाव, दुसरी सडक अर्जुनी. नागपूरहून भंडारा, साकोली, देवरीवरून रायपूरकडे जाणारा जुना पूर्वेकडील हमरस्ता या दुसऱ्या अर्जुनीजवळून गेला आणि सडकेने गावाला आडनाव दिले. पुढे त्या रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6 म्हणू लागले. आता तो 53 आहे. रस्त्याचे आकडे बदलले, गावाचे नाव राहिले. रस्त्याच्या कडेने दुकाने, गॅरेजे, सिमेंटची दुमजली घरे उभी राहिली. मात्र चार पावले आत गेले की अजूनही कवेलूंची उतरती छपरे, पुढे सपरी, बाजूला गुरांचा कोठा आणि मागे सांदवाडी, अशी धान पिकवणाऱ्या मुलखाची जुनी घरे भेटतात. आमच्या या लेखाचा विषय त्या सांदवाडीत आहे.

लेकाचे लग्न झाले, घर अपुरे पडू लागले, म्हातारीला खोकल्याने झोप येईना, की कुटुंब काय करते? मागच्या मोकळ्या जागेत एक खोली काढते. कधी कोठ्याची भिंत उचलून त्यावर पत्रे टाकते. तेथे दुसरी चूल पेटते. मूळ घर मोडत नाही, नवे घर वेगळ्या जमिनीवर जात नाही. एका घरजागेवर दोन घरे नांदू लागतात. ही गोष्ट मानवजातीइतकी जुनी आहे. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात शूनेम येथील सधन स्त्रीने अलीशा संदेष्ट्यासाठी घराच्या माळ्यावर लहानशी खोली बांधल्याचे आपण मिस्सेत ऐकतो. खाट, मेज, बैठक आणि दिवा, एवढेच सामान. तिने नवऱ्याला विचारले, असे ग्रंथ सांगतो. ग्रामपंचायतीला विचारण्याचा प्रश्न नव्हता. तरी बांधकामाचा नियम बायबलला अगदीच अपरिचित नाही. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून मेल्यास त्याचे रक्त घरावर येणार नाही, अशी आज्ञा अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. घर माझे, पण त्यातून दुसऱ्याच्या जिवाला धोका होऊ नये, इतपत समाजाचा अधिकार मोशेच्या काळीही मान्य होता.

आमच्या भागात हा अधिकार कोणाकडे होता, याचा इतिहास मोठा वळणाचा आहे.

1854 मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्यानंतरच्या जमीनबंदोबस्तांत गावोगावच्या मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. पश्चिम महाराष्ट्रातील वाचकांना हे सहज उमजणार नाही. तेथे रयतवारी, शेतकऱ्याचा संबंध थेट सरकारशी. येथे गावाचा धनी मालगुजार. शेते, पडीत, तलाव, झाडे आणि लोक जेथे राहतात ती वस्तीची जागासुद्धा त्याच्या मालकीत. त्या वस्तीच्या जागेला आमच्याकडे ‘गावठाण’ फारसे कोणी म्हणत नसे, ‘आबादी’ म्हणत. ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावच्या वहिवाटींच्या दप्तरात कोणाला कोठले पाणी, कोणाला कोणते लाकूड, घरजागेची रीत काय, हे लिहिलेले असे. 1917 च्या मध्य प्रांत जमीन महसूल कायद्यानेही आबादीची स्वतंत्र दखल घेतली. पण कागद काही म्हणो, सांदवाडीत खोली काढायची तर मालगुजाराच्या वाड्यावर जाऊन सांगावे लागे. मालगुजार भला असला तर मान हलवी. नसला तर बेगार पदरात पडे. परवानगीचा अर्ज नाही, नकाशा नाही, फी नाही, आणि नकार मिळाला तर दाद मागायची सोय बहुधा तहसीलीपर्यंत चालत जाण्याइतकी लांब.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशचा मालकी हक्क निर्मूलन कायदा झाला आणि 31 मार्च 1951 पासून मालगुजारी संपली. शेतजमिनीच्या संदर्भात या कायद्याची खूप चर्चा झाली आहे. घरांच्या संदर्भात फारशी होत नाही, याचे आम्हास नवल वाटते. कारण त्यातील पाचव्या कलमाने आबादीतील घरे ज्याची त्याच्याकडे ठेवली आणि घराखालच्या जमिनीबरोबर त्याला लगत असलेली मोकळी जागाही त्यालाच देऊ केली. सांदवाडी प्रथमच मालगुजाराच्या मर्जीतून सुटली. कुळाच्या आणि सुताराच्या मुलाला परसात भिंत उभारताना वाड्याकडे पाहण्याची गरज उरली नाही. धान्याच्या कोठारापेक्षा हे स्वातंत्र्य लहान नव्हे. पोप महाशय तेरावे लिओ यांनी 1891 च्या आपल्या विश्वपत्रात खाजगी मालमत्तेचा हक्क कुटुंबप्रमुखाच्या कर्तव्याशी जोडून दाखविला होता. त्याचे इतके साधे उदाहरण आम्हास दुसरे सुचत नाही.

1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाबरोबर भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. (गोंदिया जिल्हा त्यातून वेगळा झाला तो 1 मे 1999 रोजी.) नव्या राज्याचे कायदे आले. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 ने गावात घर बांधण्यापूर्वी किंवा पुन्हा उभारण्यापूर्वी पंचायतीची परवानगी आवश्यक केली. ठरलेल्या मुदतीत पंचायतीने उत्तर न दिल्यास परवानगी मिळाली असे समजण्याची सोयही ठेवली. प्रत्यक्षात पुष्कळ गावांत अर्जच होत नसत. खोली उभी राही, वर्षा-दोन वर्षांनी घरपट्टीच्या नमुना 8 मध्ये तिची नोंद होई, आणि ती नोंद हाच पुरावा असे लोक धरून चालत. ती मालकीचा पुरावा नाही, कराच्या आकारणीची नोंद आहे, हे भांडण कोर्टात गेल्यावर कळते.

15 ऑगस्ट 1967 पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली. तिने गावठाणाच्या सीमा ठरविण्याची रीत घातली आणि वस्तीबाहेर शेतजमिनीवर राहते घर बांधायचे तर अकृषिक परवानगी सक्तीची केली. या संहितेत एक जागा आम्हास फार बोलकी वाटते. ‘शेतघर’ म्हणजे काय, याची व्याख्या करताना अवजारे, खत, चारा आणि धान्य ठेवण्याची जागा, गुरांचा निवारा आणि त्याच ओळीत शेतकऱ्याच्या कुटुंबीयांचे, नोकरांचे वा कुळांचे राहणे, असे सारे एकत्र घातले आहे. कायदे करणाऱ्यांना ग्रामीण घराचे रूप ठाऊक होते : माणसे, गुरे आणि गवत एका छपराच्या आसपास राहतात. शेतात काढलेली ही खोली अकृषिक परवानगीच्या फेऱ्यातून मोकळी ठेवली गेली. शहरांच्या परिघात पुढे या सवलतीला बंधने आली, कारण शेतघराच्या नावाखाली बंगले उठू लागले. दोष कायद्याचा की बंगलेवाल्यांचा, हे वाचकांनी ठरवावे. त्रास मात्र शेतकऱ्याला झाला. वसईच्या वाचकांना हे सांगायला नको. 1990 मध्ये तेथे सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाल्यावर वाडीतल्या घरांचे काय होणार, या चिंतेने धर्मग्रामच्या धर्मग्राम जागे झाले होते.

सडक अर्जुनीला नगरपंचायत झाली आणि येथेही नगररचनेचे नियम लागू झाले. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने मुंबई वगळता बहुतेक राज्यासाठी एकच नियम केले. भूखंड 150 चौरस मीटरपर्यंतचा असेल तर मालकाने नकाशासह सूचना द्यावी, शुल्क भरावे आणि बांधावे, इतकी सोपी वाट तिने लहान घरांसाठी काढली. मुख्य इमारतीपासून वेगळी, तिला पूरक अशी इमारत ही कल्पनाही नियमांना परिचित आहे : नोकरांची खोली, मोटार ठेवण्याची जागा, कोठार. मोटारीची खोली आणि नोकराची खोली नियमांना नावानिशी ठाऊक आहे. विधवा आईची खोली, धाकट्या भावाची चूल यांना तसे नाव नाही. ती ‘वाढीव बांधकाम’ ठरते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने 2017 पासून लागू केलेल्या कायद्यांनी घराच्या आवारात दुसरे लहान घर बांधण्याचा हक्क मालकाला दिला आणि तो नाकारण्याचे नगरांचे अधिकार आखडते केले. तेथे तर अनेक वस्त्यांत एका भूखंडावर एकच कुटुंब, असा दंडक होता. आमच्याकडे असा दंडक कधी नव्हता. आमच्या अडचणीचे मूळ कागदात आहे.

ती अडचण ख्रिस्ती कुटुंबांत अधिक बोचते. 1925 चा भारतीय वारसा कायदा आपल्याला लागू आहे. पिता मृत्युपत्र न करता गेला तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींना सारख्या वाट्याने, असे तो सांगतो. हे न्याय्य आहे; मुलीचा वाटा आपल्याकडे कायद्याने आरंभापासून सारखा आहे, याचा आम्हास अभिमान वाटतो. पण धाकट्याने स्वतःच्या मजुरीच्या पैशाने पित्याच्या जागेवर खोली काढली असेल, तर जमीन साऱ्यांची झाल्यावर खोलीचे काय? त्याच्याजवळ पंचायतीची परवानगी त्याच्या नावे नसते, खर्चाच्या पावत्या नसतात, पित्याचे दोन ओळींचे लेखी संमतिपत्र नसते. तो म्हणतो, खोली माझी. बहीण म्हणते, जागा बाबांची. दोघेही खरे बोलतात. कुटुंबांना भेटी देताना हे भांडण आम्ही इतक्या ठिकाणी ऐकले आहे, की घर आशीर्वादित करण्यास बोलावणे आले म्हणजे प्रार्थनेनंतर मृत्युपत्राचा विषय काढतो. यजमानांना ते प्रथम अशुभ वाटते.

गरिबांची गोष्ट आणखी निराळी. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर धरले आहे. तेवढी जागा सांदवाडीत मिळाली तर धाकट्या भावाचे घरकुल उभे राहते; त्यासाठी मात्र कुटुंब वेगळे आहे आणि जागा त्याची आहे, हे दाखवावे लागते. मग शिधापत्रिका विभक्त होते. चूल एक असली तरी कागदावर दोन होतात, आणि पुढे कागदाचे खरे होते.

24 एप्रिल 2020 रोजी स्वामित्व योजना जाहीर झाली. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी तिचा पूर्वप्रयोग झाला होता. ड्रोन गावठाणावर फिरतो, घरांच्या सीमा टिपतो आणि घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. ज्या लहान गावांच्या वस्तीचे मोजमापच कधी झाले नव्हते, त्यांच्यासाठी हे मोठे काम आहे. मालगुजाराच्या वाड्यावर ज्यांचे आजे हात जोडून उभे राहत, त्यांच्या नातवाच्या हातात शासनाच्या शिक्क्याचा नकाशा येतो. ही योजना ग्रामीण वस्तीसाठी आहे, म्हणून नगरपंचायतीतील कुटुंबांनी तिची वाट न पाहता भूमिअभिलेख कार्यालयात आपल्या नोंदी पाहाव्यात. खेड्यांतील कुटुंबांनी मोजणीच्या व चौकशीच्या दिवशी घरी राहावे. ड्रोनला वरून छप्पर दिसते; छपराखाली किती चुली आहेत ते दिसत नाही. पत्रिकेवर कोणाकोणाची नावे लागावीत, हे त्या चौकशीत तोंडाने सांगावे लागते, आणि त्या वेळी आई आणि बहिणी तेथे हजर असाव्यात.