दोष कार्डाचा की एसएमपीएसचा? एका संशयाचा इतिहास

वर्धा असो, हिंगणघाट असो की आर्वी, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या काउंटरवर एक तक्रार हमखास ऐकू येते: "साधं काम करताना चालतो, गेम लावला की बंद पडतो. कार्ड गेलं का?" माझं संशोधन दुरुस्तीच्या धंद्याच्या इतिहासावर आहे. त्यामुळे मला पडणारा प्रश्न थोडा वेगळा आहे: संशय आधी कार्डावरच का जातो? हा नुसता अभ्यासाचा प्रश्न नाही. निदान चुकलं तर घरचे पुन्हा पैसे जमवून नवं कार्ड आणतात, आणि तेही आठवडाभरात तसंच वागायला लागतं.

थोडं मागे जाऊया. १९८१ च्या आयबीएम पीसीचा वीजपुरवठा ६३.५ वॅटचा होता, १९८४ च्या एटी मॉडेलचा १९२ वॅटचा. तेव्हाचं चित्र दाखवणारं कार्ड स्लॉटमधूनच भागवून घ्यायचं. यंत्राचा मुख्य भार ५ व्होल्टवर असायचा. १९९५ मध्ये एटीएक्स रचना आली आणि ३.३ व्होल्टची भर पडली. खरा बदल २००० च्या सुमारास झाला. पेन्टियम ४ च्या काळात प्रोसेसरचा भार १२ व्होल्टवर गेला, त्यासाठी चार पिनांची वेगळी वायर आली. २००२ च्या रेडिऑन ९७०० प्रो कार्डाला तर स्लॉटची वीज पुरेना, एसएमपीएसमधून थेट वायर जोडावी लागली. पुढे पीसीआय एक्सप्रेसमध्ये हिशेब ठरला: स्लॉटमधून ७५ वॅट, सहा पिनांतून आणखी ७५, आठ पिनांतून १५०.

म्हणजे वीस-पंचवीस वर्षांत भार ५ व्होल्टवरून १२ व्होल्टवर सरकला, पण ग्राहकाची नजर डब्यावरच्या मोठ्या आकड्यावरच राहिली. "४५० वॅट" ही सगळ्या व्होल्टेजची बेरीज असते. लेबलवर १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर लिहिलं असेल, तर तिथे फक्त १९२ वॅट मिळणार. १५० वॅटचं कार्ड आणि ९५ वॅटचा प्रोसेसर मिळून २४५ होतात. गणित तिथंच फसलं.

आता आपल्या भागाचा इतिहास. जिल्ह्यात पॉवरग्रिडचं ७६५ केव्हीचं उपकेंद्र आहे, पण गावाच्या टोकाच्या घरात, रब्बीत पंप सुरू झाले की दिवा मंदावतो. १९५६ च्या विद्युत नियमांत घरगुती व्होल्टेजला वरखाली ६ टक्क्यांचीच मुभा होती. नियम आणि तार यांच्यातलं अंतर मात्र अनेकांनी अनुभवलंय. एसएमपीएस बाहेर तेवढीच वीज देत राहतो, म्हणून आत येणारं व्होल्टेज पडलं की तो जास्त करंट ओढतो. २३० चे १७० व्होल्ट झाले तर करंट साधारण ३५ टक्के वाढतो आणि भाग तापतात. वरून वर्ध्याचा मे महिना! कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की ढोबळमानाने निम्मं होतं.

लाईन गेल्यावरचाही एक मुद्दा आहे. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंद तग धरेल, अशी रचनेत अपेक्षा असते. कपॅसिटर थकला असेल किंवा इन्व्हर्टर सावकाश बदलत असेल, तर पीसी बंद. गेम चालू असताना नेमकं हेच झालं, तर नाव कार्डाचंच येतं.

मग निदान कसं करायचं? साक्षीदार तपासतो तसंच. पूर्ण यंत्र झटक्यात बंद किंवा रिस्टार्ट होत असेल, तर संशय पुरवठ्यावर. यंत्र चालूच आहे, पण पडद्यावर रंगीत ठिपके, रेषा येतात, तर कार्डाची मेमरी किंवा उष्णता आधी पाहा. गेम चालू असताना पिवळ्या वायरवर मल्टिमीटरने ११.४ ते १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. पण मीटर संथ असतो, क्षणभराची घसरण त्याला दिसत नाही. त्यामुळे आकडा बरा आला म्हणजे एसएमपीएस निर्दोष सुटला असं नाही. कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून त्रास थांबला तर संशय बळावतो, सिद्ध होत नाही, कारण कार्डही थंड झालेलं असतं. खात्रीचा पुरावा अदलाबदलीत: खात्रीचा एसएमपीएस या यंत्राला लावा आणि हे कार्ड दुसऱ्या सशक्त यंत्रात चालवून बघा. दोन्ही बाजूंनी. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्टच्या वर साठलेले असू शकतात.

तर संशय कार्डावर का? कारण कार्ड नवं, महाग आणि नावाचं असतं. एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकटात आल्यासारखा येतो, त्याचं नाव कुणी विचारत नाही. बिलावरही "कार्ड बदलले" एवढंच उरतं. उद्या कुणी अशा बिलांवरून इतिहास लिहिला, तर त्यात कार्डं खराब निघालेली दिसतील आणि पडलेलं व्होल्टेज कुठेच दिसणार नाही. म्हणून दुरुस्तीवाल्यांना माझी एक विनंती असते: भाऊ, बिलावर एसएमपीएसचे १२ व्होल्टचे अँपिअरही लिहीत जा. ग्राहकाचे पैसे वाचतील, आणि पुढच्या संशोधकाला खरा पुरावा मिळेल.