रक्तांतील दप्तर

जव्हारचा इतिहास म्हणजे मुकणे घराण्याचा इतिहास, असें समजण्याचा प्रघात आहे. १९४८ सालीं तें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि त्याची बखरहि तेथेंच आटोपली. परंतु जव्हार-मोखाड्याच्या त्याच डोंगरांत वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी यांच्या कित्येक पिढ्या नांदल्या. त्यांचें दप्तर कोणीं राखलें नाहीं. त्याचें एक पान मात्र रक्तांत राहिलें आहे, व तें वाचण्याची विद्या मनुष्यास अलीकडेच साधली.

१९१० सालीं शिकागोच्या डॉ. हेरिक यांनीं ग्रेनेडा बेटांतील एका विद्यार्थ्याच्या रक्तांत विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी आढळल्याचें प्रसिद्ध केलें. हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूंतच आहे, हें १९४९ सालीं पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. हें सिकल सेलचें जनुक आईबाप दोघांकडूनहि आलें तर मुलाच्या वांट्यास पांडुरोग, असह्य वेदना व पुष्कळदां अकालीं मृत्यु येतो. एकाकडूनच आलें तर तें मूल बहुधा निरोगी राहतें. त्यास वाहक म्हणतात.

येथें उत्क्रांतिशास्त्रापुढें कोडें पडलें. असें घातक जनुक निसर्गानें केव्हांच निपटून काढावयास हवें होतें. मग तें टिकलें कसें? थॅलसीमिया या त्याच जातीच्या रोगाविषयीं हॉल्डेन यांनीं १९४९ सालीं तर्क मांडला कीं, वाहकास हिंवतापापासून संरक्षण मिळत असावें. १९५४ सालीं ॲलिसन यांनीं पूर्व आफ्रिकेंतील पाहणीवरून सिकल सेलच्या बाबतींत तसाच पुरावा पुढें ठेविला. आपल्या देशांत हें जनुक १९५२ सालीं निलगिरीच्या आदिवासींत नोंदलें गेलें; पुढें ठाणें-पालघरच्या आदिवासींतहि तें आढळलें.

तेव्हां या रोगास वनवासी लोकांच्या रक्ताचा हीनपणा म्हणणें हें अज्ञान होय. आमच्या मतें हा रानानें वसूल केलेला कर आहे: थोड्या मुलांनीं तो प्राणांनीं भरला, म्हणून पुष्कळ मुलें तापांतून वांचलीं. १९५३ सालीं हिंवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि पुढें त्या तापाचा पूर्वीचा जोर ओसरला. संरक्षणाचें मोल उतरलें, पण कराची वसुली थांबली नाहीं.

म्हणून १ जुलै २०२३ रोजीं शहडोल येथें सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहिमेंतील रक्ततपासणी अवश्य व्हावी. मात्र हातीं पडणारी चिठ्ठी हा कलंक ठरूं नये. दोघेहि वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. पण वाहक मुलीनें हें जनुक नसलेला वर वरला तर त्यांच्या मुलांस हा रोग होत नाहीं, फार तर तीं वाहक होतील. एवढा हिशेब पाड्यापाड्यांतून समजावून दिला नाहीं, तर ज्या खुणेनें पूर्वजांस तारलें तीच नातींच्या लग्नाआड येईल. तपासनिसानें चिठ्ठीबरोबर हा इतिहासहि सांगावा, असें आमचें मागणें आहे.