हँडसम, प्रिटी, ब्यूटिफुल : इंग्रजीतल्या रूपवाचक शब्दांची घडण

'हँडसम' हा शब्द १४०० च्या सुमारास इंग्रजीत रुळू लागला तेव्हा त्याचा चेहऱ्यामोहऱ्याशी संबंध नव्हता. 'हँड' म्हणजे हात. हातात नीट बसणारी, सहज हाताळता येणारी वस्तू ती हँडसम. डच भाषेत त्याचा भाऊबंद 'हांडझाम' आजही याच अर्थाने वापरला जातो. सोळाव्या शतकात अर्थ आधी 'योग्य, शोभेसा' असा झाला आणि शतक सरता सरता 'सुडौल, देखणा' यावर येऊन ठेपला. भरघोस रकमेला किंवा घसघशीत पगारालाही हँडसम म्हणतात, तो याच वाढीचा एक फाटा.

'प्रिटी'ची वाट याहून वाकडी. जुन्या इंग्रजीत त्याचा पूर्वज 'प्रॅटिग' म्हणजे चक्क लबाड, कावेबाज. पुढे लबाडीची चतुराई झाली, चतुराईचा नेटकेपणा झाला, आणि पंधराव्या शतकात त्यातून लहानसे, नाजूक असे रूप सूचित होऊ लागले. स्कॉटलंडमध्ये मात्र 'प्रिटी मॅन' म्हणजे धट्टाकट्टा, शूर गडी, हा अर्थ बराच काळ टिकून होता.

'ब्यूटी' फ्रेंचमधून आली. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, दरबाराची भाषा फ्रेंच झाली आणि कालांतराने 'ब्यूटी'ला देशी 'फुल' हा प्रत्यय जोडून 'ब्यूटिफुल' तयार झाला. त्याआधी हे काम 'फेअर' करत असे. फेअर म्हणजे सुंदर. पण मध्ययुगातच त्याला 'गोरा' हा अर्थ चिकटला. त्यामुळे सावळ्या स्त्रीचे सौंदर्य सांगताना भाषाच आडवी येऊ लागली. शेक्सपिअरच्या १६०९ मध्ये छापलेल्या सुनीतांमध्ये काळ्या डोळ्यांच्या स्त्रीविषयी लिहिताना कवीला हीच अडचण सोडवावी लागते. भारतात वधू-वरांच्या जाहिरातींत इंग्रजी 'फेअर' शिरला तो मात्र केवळ कातडीचा रंग सांगण्यापुरता, आणि त्याने पुष्कळ मुलींना विनाकारण दुखावले आहे.

या शब्दांमधल्या सीमारेषा काटेकोरपणे आखायची हौस अठराव्या शतकाची. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या कोशात हँडसमच्या सौंदर्याला प्रतिष्ठेची जोड दिली, तर प्रिटीतून भव्यता वगळली. म्हणजे भेद रूपाच्या जातीचा होता, स्त्री-पुरुषांचा नव्हता. दोनच वर्षांनी एडमंड बर्कने सौंदर्याचे नाते लहान आकाराशी, गुळगुळीतपणाशी आणि नाजूकपणाशी जोडले. भव्यतेची गणना त्याने वेगळी केली. १७९४ मध्ये हेस्टर पियोझीने आणि १८१६ मध्ये जॉर्ज क्रॅबने समानार्थी शब्दांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिले. नेमका शब्द वापरणे ही त्या काळी सुसंस्कृतपणाची खूण होती.

हा भेद प्रत्यक्षात कसा चालत असे, ते जेन ऑस्टिनच्या 'एमा'मध्ये (१८१५) स्वच्छ दिसते. पहिल्याच वाक्यात श्रीमंत, बुद्धिमान नायिकेला ती हँडसम म्हणते. तिची मैत्रीण हॅरिएट ठेंगणी, गुबगुबीत, गोरी, निळ्या डोळ्यांची, ती प्रिटी. दोघीही तरुण स्त्रियाच, तरी शब्द निराळे, कारण एकीच्या रूपात ऐट आहे आणि दुसरीच्या रूपात गोडवा. आज अनुवादकाने दोघींना नुसते 'सुंदर' म्हटले, तर लेखिकेने मुद्दाम ठेवलेले अंतर पुसले जाईल.

त्यानंतरच्या काळात वाटणी पक्की होत गेली : हँडसम पुरुषांकडे, प्रिटी मुलींकडे आणि लहान मुलांकडे. पुरुषाला 'प्रिटी बॉय' म्हणणे हेटाळणीचे ठरले. ब्यूटिफुलचा कल स्त्रियांकडे राहिला, तरी तो या दोहोंपेक्षा वजनदार, म्हणून जपून वापरायचा. स्त्रीला हँडसम म्हणायची रीत पूर्ण गेली नाही. ठसठशीत नाकीडोळी आणि डौलदार चाल असलेल्या प्रौढ स्त्रीविषयी तो शब्द अजून येतो. जिथे स्त्री-पुरुष असा भेद करायचा नसेल तिथे 'गुड-लुकिंग' किंवा 'अट्रॅक्टिव्ह' चालतात. त्यातला पहिला केवळ रूपाविषयी बोलतो, तर दुसऱ्यात वागण्या-बोलण्यातले आकर्षणही येते.