मालगुजारी तलाव

पूर्व विदर्भात भातशेतीच्या सिंचनासाठी बांधलेले आणि गावच्या मालगुजाराच्या खाजगी मालकीचे असलेले, मातीच्या पाळीचे तलाव. सध्याचे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे आणि नागपूर जिल्ह्याचा काही भाग यांत त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. ‘माजी मालगुजारी’ या सरकारी नावाची आद्याक्षरे घेऊन त्यांस आता ‘मामा तलाव’ असे म्हणतात. यांहून लहान साठ्यास ‘बोडी’ ही संज्ञा रूढ आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यात पाऊस चांगला, सामान्यतः १,२०० मिमी.हून अधिक पडतो. असे असता तलावांची गरज का पडावी, असा प्रश्न साहजिकच उद्‌भवतो. त्याचे उत्तर भाताच्या पिकात आहे. बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडून जातो; परंतु मध्यम व उशिरा येणाऱ्या भातास निसवण्याच्या वेळी, म्हणजे हस्त नक्षत्राच्या सुमारास, बांधीत पाणी असावे लागते. हस्ताने दगा दिल्यास उभे पीक पोचट होते. अशा वेळी एक-दोन पाळ्या पाणी देता आले, तरी पीक हाती लागते. म्हणजे हे तलाव मूलतः बारमाही बागायतीचे नसून संरक्षक सिंचनाचे होत. मोठ्या तलावांखाली मात्र पूर्वी ऊसही होई.

या तलावांच्या बांधणीचे श्रेय मुख्यतः कोहळी या शेतकरी जातीस दिले जाते. चांद्याच्या गोंड राजांनी त्यांना या भागात वसविले, अशी परंपरा आहे. जंगल तोडून तलाव बांधणाऱ्यास त्याखाली भिजणारी जमीन सवलतीच्या अटींवर देण्याचे धोरण त्या राजवटीत होते. चांदा भागात अशा देणगीस ‘तुकूम’ म्हणत. राज्याने स्वतः खर्च न करता, जमिनीच्या हक्काचे आमिष दाखवून पाटबंधारे उभारून घेण्याची ही पद्धती विलक्षण परिणामकारक ठरली. नवेगाव बांध येथील विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे मानतात. पुढे त्याला देवत्व प्राप्त होऊन ‘कोलासूर’ या नावाने त्याची पूजा होऊ लागली. तथापि नवेगाव हा अपवाद होय. बहुसंख्य तलाव एका गावापुरते आहेत.

रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली आहे. उंचसखल प्रदेशातील नाल्याच्या वा उताराच्या आडवी पाळ घालावयाची, तिच्यासाठी माती तलावाच्या पोटातूनच काढावयाची आणि पाळीची टोके दोन्ही बाजूंच्या चढास मिळवावयाची. जादा पाण्याचा सांडवा पाळीपासून दूर, कठीण भूपृष्ठावर ठेवीत. मातीच्या बांधाचा खरा शत्रू म्हणजे त्याच्या माथ्यावरून वाहणारे पाणी; एकदा ते वाहू लागले की काही वेळातच खिंडार पडते. वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात जावे, अशा साखळ्याही अनेक ठिकाणी आढळतात. अशा साखळीत वरची पाळ फुटल्यास खालच्या गावावरही संकट ओढवते. त्यामुळे एका मालकाची हयगय ही केवळ त्याची खाजगी बाब राहत नसे.

नागपूरचे राज्य खालसा झाल्यानंतर ब्रिटिशांनी १८६० च्या दशकातील जमाबंदीत मालगुजारांना गावाचे मालकी हक्क दिले आणि तलावही त्यांत आले. मात्र ही मालकी निर्वेध नव्हती. कुळांचे पाण्यावरील हक्क, गुरांचे पाणी इ. रूढी ‘वाजिब-उल-अर्ज’ या ग्रामपत्रात नोंदविल्या गेल्या. दुरुस्ती मालगुजार करवी. तीत गावकऱ्यांचे श्रम, पुष्कळदा वेठीचे, असत. या व्यवस्थेचे अलीकडे जे गुणगान केले जाते, त्यात वेठीचा सोयीस्कर विसर पडतो. पण पाळ राखण्यात मालगुजाराचा स्वार्थ होता, हेही तितकेच खरे. कारण त्याची घरची शेती त्याच पाण्यावर पिके.

१९५० च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन अधिनियमानुसार ३१ मार्च १९५१ रोजी हे हक्क शासनाकडे गेले आणि बहुसंख्य तलाव सरकारी झाले. मालगुजाराच्या स्वतःच्या वहिवाटीतील जमिनीवरचे तलाव तेवढे त्याच्याकडे राहिले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. जिल्हा परिषदा १९६२ मध्ये स्थापन झाल्यावर १०० हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव त्यांच्याकडे आले. दुरुस्तीनंतर शासनाने पाणीपट्टी मागितली, तेव्हा आमचा हक्क निस्तारपत्रकात नोंदलेला असून पाणी विनामूल्य आहे, अशी भूमिका शेतकऱ्यांनी घेतली. कायद्याने मालक बदलला. परंतु पाळीवर दरवर्षी माती कोणी टाकावयाची, हे ठरले नाही. दरम्यान तलाव गाळाने भरत गेले, बेशरम माजली आणि ओसरत्या पाण्यामागे केलेली गाळपेर काही ठिकाणी कायमचे अतिक्रमण होऊन बसली. मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर समाजासही त्याची झळ पोहोचली.

डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात या तलावांच्या दुरुस्तीचाही समावेश होता. गाळ काढल्याने साठा वाढतो, हे उघड आहे. मात्र पाणी सोडण्याच्या मोरीच्या पातळीखाली केलेल्या खोदाईतील पाणी उताराने शेतात जात नाही. ते मासे व गुरे यांच्या उपयोगी पडते किंवा पंपाने उपसावे लागते, आणि पंप सर्वांपाशी नसतो. खोदताना तळाचा चिकण थर फुटल्यास पाणी झिरपून जाण्याचाही धोका असतो. म्हणून खोदाईपूर्वी मोरीची पातळी व तळाच्या मातीची जाडी तपासणे अवश्य ठरते.