गँट चार्टचा इतिहास आणि तुमच्या संशोधनाचं वेळापत्रक

सिनॉप्सिस जमा करताना शेवटी एक रंगीत तक्ता जोडायची पद्धत आहे. डावीकडे कामं, वर महिने, मधे आडव्या पट्ट्या. बरेच जण तो एक्सेलमध्ये एका संध्याकाळी उरकतात आणि मान्यता मिळाली की पुन्हा उघडत नाहीत. याला गँट चार्ट म्हणतात. तो मुळात कशासाठी होता हे कळलं, तर तुम्ही तो वेगळ्या तऱ्हेने बनवाल. म्हणून आज थोडा इतिहास.

काळ आडव्या रेषेने दाखवायची कल्पना जुनी आहे. जोसेफ प्रिस्टली या इंग्रज विद्वानाने १७६५ मध्ये सुमारे दोन हजार नामवंतांची आयुष्यं एकाच तक्त्यावर रेषांनी दाखवली. पण तिथे होऊन गेलेलंच मांडलेलं होतं. चालू असलेलं आणि व्हायचं असलेलं काम रेषांवर आणायची गरज कारखान्यांना पडली. पोलिश अभियंते कारोल अदामिएत्स्की यांनी १८९६ च्या सुमारास असा तक्ता तयार केला होता. त्यांचा त्यावरचा जास्त परिचित लेख मात्र १९३१ मध्ये आला, तोही पोलिश भाषेत. तोवर नाव झालं होतं ते गँट यांचं.

हेन्री लॉरेन्स गँट (१८६१–१९१९) हे अमेरिकन अभियंते. फ्रेडरिक टेलर यांच्याबरोबर त्यांनी पोलाद कारखान्यांत काम केलं होतं. पहिल्या महायुद्धात त्यांची पद्धत शस्त्रास्त्रं आणि जहाजबांधणीच्या कामात वापरली गेली. किती माल मागवला आणि किती आला, हे आकडे कागदावर असायचेच. पण आज आपण ठरल्यापेक्षा किती मागे आहोत, हे त्या आकड्यांच्या ढिगातून पटकन कळत नसे.

गँट यांची युक्ती अशी. प्रत्येक महिन्याला सारख्या रुंदीचा रकाना. त्यात त्या महिन्यात किती काम करायचं तो आकडा. १०० नग ठरले आणि ७५ झाले, तर बारीक रेघ रकान्याच्या पाऊण भागापर्यंतच ओढायची. खाली एक जाड रेघ, आजवरच्या एकूण कामाची. म्हणजे एकाच रकान्यात वेळ, ठरलेलं काम आणि झालेलं काम. जाड रेघ आजच्या तारखेच्या किती अलीकडे थांबली, हे एका नजरेत दिसायचं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. रिकाम्या जागेचा दोष कामगारावर ढकलून गँट थांबले नाहीत. यंत्रं बंद का राहिली, याची कारणंही ते वेगळी मांडायचे: काम नव्हतं, माणूस नव्हता, माल आला नव्हता. यातल्या बऱ्याच गोष्टींची जबाबदारी व्यवस्थापनाची आहे, हा त्यांचा मुद्दा होता.

वॉलेस क्लार्क यांच्या १९२२ च्या पुस्तकाने ही पद्धत जगभर पोचवली. पुढे तिची एक उणीव जाणवली: कोणतं काम कोणत्या कामावर अडून आहे, हे पट्ट्यांत दिसत नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पर्ट आणि सीपीएम या पद्धती आल्या, त्या याच गरजेतून.

मग आली स्प्रेडशीट. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिझिकॅल्क बाजारात आलं; त्याची कल्पना ब्रिकलिन यांना हार्वर्डमध्ये शिकत असताना सुचली होती. १९८५ मध्ये एक्सेल आलं. आता कोणीही चार्ट काढू शकतो. पण एक्सेलच्या चार्टच्या यादीत गँट असा प्रकार नाही, म्हणून आपण स्टॅक्ड बार घेतो आणि सुरुवातीच्या तारखेच्या पट्टीचा रंग काढून टाकतो. या जुगाडात बहुतेक वेळा फक्त ठरलेल्या कामाची पट्टी उरते आणि झालेल्या कामाची रेघ गळून जाते. मग तो चार्ट राहत नाही, नुसतं कॅलेंडर होतं.

ती रेघ परत आणणं अवघड नाही. सहा रकाने करा: काम, सुरुवात, एकूण दिवस, झालेले दिवस, उरलेले दिवस, अडण्याचं कारण. समजा, ६० दिवसांत ४०० मोडी कागद वाचायचे आहेत आणि १०० वाचून झालेत. म्हणजे २५ टक्के. झालेले दिवस १५, उरलेले ४५. चार्टसाठी सुरुवात, झालेले आणि उरलेले हे तीनच रकाने घ्या. सुरुवातीला 'नो फिल' द्या, बाकी दोघांना वेगळे रंग. कामांची यादी उलटी दिसली तर अक्षाचा क्रम उलटवा. काम मोजता येईल असंच लिहा. 'साहित्याचा आढावा' याचे २५ टक्के कसे काढणार? 'आढाव्यासाठी ८० लेख' याचे काढता येतात.

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. दर सहामाहीला सल्लागार समितीसमोर प्रगती सांगताना 'काम थोडं मागे पडलंय' एवढंच म्हणालात, तर तो तुमचाच आळस ठरतो. 'पुराभिलेखागाराची परवानगी सात आठवडे आली नाही' असं तारखेसकट लिहिलेलं असेल, तर मुदतवाढ मागायला आधार मिळतो आणि मार्गदर्शकांनाही कुठे मदत करायची ते कळतं. आणि कारण खरंच तुमचंच असेल, तर तेही तिथे दिसेलच.

दर शनिवारी दहा मिनिटं काढा आणि झालेल्या दिवसांचा रकाना भरा. सुरुवात नोंदणीच्या दिवसापासूनच करा. सहा महिन्यांनी आठवून भरलेल्या आकड्यांवर तुमचाच विश्वास बसणार नाही.