तबकडी ते कोडेक : ध्वनिमुद्रणाची बदलती रूपे आणि मराठी स्वरवारसा

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याला शाहिरीची दीर्घ परंपरा आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातील सोलापूरचे शाहीर राम जोशी यांच्या लावण्या आज छापील शब्दांत वाचता येतात, परंतु त्यांचा आवाज कसा होता हे कोणालाही सांगता येत नाही. बार्शीचे शाहीर अमर शेख (१९१६-१९६९) यांचा आवाज मात्र त्यांच्या मृत्यूनंतरही ऐकता येतो. १८७७ मध्ये एडिसनने फोनोग्राफ सिद्ध केला आणि १८८७ मध्ये एमिल बर्लिनरने चपट्या तबकडीची पद्धत आणली, त्यामुळे हा फरक पडला. तथापि, ध्वनिमुद्रणात आवाज ‘जसाच्या तसा’ टिकतो ही रूढ समजूत तपासून पाहणे आवश्यक आहे. प्रत्येक माध्यमाने आवाजातील काही भाग राखला आणि काही भाग वगळला. काय वगळायचे, हे कधी यंत्राच्या मर्यादेने ठरविले, कधी बाजारपेठेने, तर अलीकडे गणिताने. प्रस्तुत लेखात या वगळण्याचा इतिहास मराठी प्रदेशातील उदाहरणांच्या आधारे मांडला आहे.

तबकडीची तीन मिनिटे

ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्यास आले आणि भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणास प्रारंभ झाला. आरंभीच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदा येथे कारखाना सुरू झाला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गायन मावत असे. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत मांडायचा, तर विलंबित आलापीला फाटा देऊन बंदिशीचे मुख, मोजक्या ताना आणि समेवरील समाप्ती एवढेच राखावे लागे. १९२५ पूर्वीच्या यांत्रिक पद्धतीत कलावंताला कर्ण्यासमोर मोठ्याने गावे लागे. तंबोऱ्यासारख्या मंद वाद्याला तेथे फारसा वाव नव्हता. विद्युत ध्वनिग्राहक आल्यावर हळुवार स्वरही तबकडीवर उमटू लागला.

ही मर्यादा सर्वांनीच स्वीकारली असे नाही. जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँ आणि थोर गायक व गुरू भास्करबुवा बखले यांचे गायन ध्वनिमुद्रिकेत उरलेले नाही. त्यांची गायकी शिष्यांच्या कंठातूनच पुढे गेली. याउलट मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीमखाँ (१८७२-१९३७) यांच्या तबकड्या दूरवर पोहोचल्या. गदगच्या लहानग्या भीमसेन जोशी यांनी अशीच एक तबकडी ऐकली आणि १९३३ मध्ये गुरूच्या शोधात घर सोडले. तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेने संगीत अपुरे दिले, परंतु ते दूरच्या गावी पोहोचविले, हे या घटनेवरून दिसते.

अल्लादियाखाँच्या शिष्या केसरबाई केरकर यांचे उदाहरणही बोलके आहे. १९७७ मध्ये अमेरिकेने अंतराळात पाठविलेल्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्णलेपित तबकडीत त्यांच्या ‘जात कहाँ हो’ या भैरवीचा समावेश झाला. ही भैरवी सुमारे साडेतीन मिनिटांचीच आहे. त्या तबकडीत अधिक मजकूर मावावा म्हणून तिचा वेग मिनिटाला १६ २/३ फेरे इतका कमी ठेवण्यात आला होता. वेळ आणि जागा यांची ही काटकसर अंतराळातही चुकली नाही.

दीर्घ तबकडी आणि कॅसेट

१९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी दीर्घ तबकडी बाजारात आणली. एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक अवकाश मिळाल्याने भारतीय गायकांना रागाची बढत पुन्हा मांडता आली. भीमसेन जोशी आणि कुमार गंधर्व यांच्या दीर्घ तबकड्या या बदलाची साक्ष देतात. मात्र वादकयंत्र व तबकडी या दोन्ही वस्तू महाग असल्याने हा लाभ मुख्यतः सुस्थित घरांपुरता राहिला.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटने ही चौकट मोडली. तिची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर इतक्या संथ गतीने सरकत असल्याने आवाजाचा दर्जा तबकडीपेक्षा उणा असे आणि फितीची खरखर ऐकू येई. परंतु कॅसेट स्वस्त होती आणि श्रोत्यालाही तिच्यावर ध्वनिमुद्रण करता येत होते. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, १९८० च्या दशकात एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी संपून अनेक लहान उत्पादक पुढे आले. महाराष्ट्रात विठ्ठलगीते, भीमगीते, लोकनाट्य आणि कीर्तन यांना यातून नवा श्रोता लाभला. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज याच मार्गाने यात्रा-जत्रांपर्यंत पोहोचला. नकलेवरून नक्कल करण्याची सवयही याच काळात रुजली. प्रत्येक नकलेत खरखर वाढे आणि मूळ स्वर मागे पडे.

कोडेकचे गणित

१९८२ मध्ये आलेल्या सीडीत ध्वनी अंकांच्या रूपात साठविला जातो. एका सेकंदात ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुन्यास १६ बिट आणि दोन वाहिन्या, असा हिशेब केल्यास सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. १९९० च्या दशकातील दूरध्वनी जोडणीवरून एवढा भार वाहून नेणे शक्य नव्हते. त्यामुळे ध्वनीचे संकेतन व विसंकेतन करणारी प्रणाली, म्हणजेच कोडेक, महत्त्वाची ठरली. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधनाचा मोठा वाटा असलेल्या पद्धतीस १९९५ मध्ये ‘एमपी थ्री’ हे नाव मिळाले.

तिचे तत्त्व मानवी श्रवणावर आधारलेले आहे. मोठ्या आवाजाच्या निकटचा बारीक आवाज कानाला जाणवत नाही. म्हणून तो भाग ढोबळपणे नोंदवायचा किंवा सोडून द्यायचा. सेकंदाला १२८ किलोबिट या दरात मूळ माहितीचा सुमारे अकरावा हिस्साच उरतो. नित्य श्रवणास तो बहुधा पुरतो. परंतु वगळलेला भाग पुन्हा मिळविता येत नाही आणि अशी प्रत पुन्हा संक्षेपित केल्यास हानी वाढत जाते. कॅसेटच्या काळातील नकलेचा दोष येथे खरखरीविना परततो, म्हणून तो सहज लक्षात येत नाही. २००१ मध्ये उपलब्ध झालेल्या ‘फ्लॅक’ या पद्धतीत मात्र काहीही न गमावता धारिका लहान होते.

जात्यावरील ओवीचा प्रश्न

या भेदाचे महत्त्व लोकसाहित्यात विशेष जाणवते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी हजारावर गावांतून लाखाहून अधिक जात्यावरील ओव्या संकलित केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. पुढे हे भांडार ‘पारी’ या संकेतस्थळावरून वाचकांसमोर आले. ओवी कागदावर उतरविली, तर शब्द राहतात. परंतु बाईचा दम, हेल, मध्येच थांबणे आणि जात्याची घरघर हरवते. अल्प बिटदराच्या कोडेकला घरघरीसारखा पसरट ध्वनी पेलत नाही. तो विकृत होतो. भ्रमणध्वनीतील गोंगाट कमी करणारी योजना तर त्याला अडथळाच समजते. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र ती घरघर हाच ओवीचा ठेका होय.

निष्कर्ष

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात प्रत्येक नव्या रूपाने श्रोता वाढविला. तथापि सोयीची प्रत आणि जतनाची प्रत या दोन भिन्न वस्तू आहेत. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या सोलापूरला हा विषय जवळचा आहे. शहराच्या जुन्या पेठांत आणि जुळे सोलापूरसारख्या नव्या वसाहतींत घरोघरी राहिलेल्या कीर्तन, भारूड व लग्नगीतांच्या कॅसेट काळाबरोबर झिजत आहेत, आणि त्या वाजविणारी यंत्रेही दुर्मीळ होत आहेत. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्राहक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा ध्वनीचे अंकीकरण २४ बिटमध्ये आणि किमान ४८ किलोहर्ट्झ दराने व्हावे. महाविद्यालयांच्या भाषा, इतिहास आणि संगणकशास्त्र विभागांनी एकत्र येऊन मूळ प्रत असंक्षेपित अथवा निर्हानी स्वरूपात राखावी आणि एमपी थ्री केवळ प्रसारासाठी वापरावी. गायकाचे नाव, गाव, प्रसंग आणि संमती यांची नोंद प्रत्येक प्रतीसोबत असणे तितकेच आवश्यक आहे. राम जोशींचा आवाज राखण्याचे साधन त्यांच्या काळात नव्हते. आजच्या पिढीकडे ते आहे, म्हणून जतनाची जबाबदारीही तिच्यावर येते.