देवाचा पत्ता : क्षेत्रकार्य, खंडोबा आणि गुंथर सोन्थायमर

१/ धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात खंडोबाची मूर्ती एक आणि मंदिरे दोन आहेत. मार्गशीर्षाच्या आरंभी देव अणदूरहून नळदुर्गला येतो आणि पौष पौर्णिमेच्या यात्रेनंतर अणदूरला परततो. या ये-जा करण्याचा लेखी करार दोन्ही गावांचे मानकरी करतात.

२/ ‘देवाचे मूळ ठाणे कोणते?’ हा नव्या अभ्यासकाचा पहिला प्रश्न इथे निरुपयोगी ठरतो. देव एकाच जागी राहतो, हे त्याने न तपासता गृहीत धरलेले असते. परक्या समाजात भाषा प्रयत्नाने शिकता येते. आपल्याच प्रश्नात दडलेले गृहीत ओळखणे त्याहून अवघड.

३/ जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांची वाट याच अडचणीतून गेली. ते मूळचे कायद्याचे आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक. हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायदेशीर इतिहासावर त्यांचा ग्रंथ आहे. त्या विषयाची साधने लिखित होती. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांचा इतिहास मात्र बऱ्याच अंशी धनगरांच्या ओव्यांत होता.

४/ आणि ओव्या गाणारे एका जागी नव्हते. ‘वाडा’ म्हटले की वाचकाला चिरेबंदी घर आठवते. मेंढपाळ धनगरांचा वाडा म्हणजे कळपासह फिरणारा कुटुंबांचा तळ. ओळखीचा शब्दही इथे नव्याने शिकावा लागतो. माहिती देणाऱ्याचा मुक्काम चाऱ्यापाण्याबरोबर हलतो, म्हणून अभ्यासकालाही हलावे लागते.

५/ सोन्थायमर यांनी या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. पण पोथीच्या अभ्यासकाची सवय शुद्ध पाठ शोधण्याची. ‘सुंबरान’ मांडून गाणारा मात्र कथा दर वेळी नव्याने उभी करतो. मग खरा पाठ कोणता? गाणाऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्नच उद्भवत नाही.

६/ या निवडीवर बरेच काही अवलंबून असते. संस्कृत ‘मल्हारी माहात्म्या’त खंडोबा मणि-मल्लांचा वध करणारा शिवावतार आहे. ओव्यांत तोच देव धनगराच्या बाणाईसाठी मेंढ्या राखतो. लिंगायत वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणाई या दोघी त्याच्या पत्नी. केवळ पोथी प्रमाण मानली, तर मेंढ्या राखणारा देव आणि त्याला तसा ओळखणारा समाज, दोघेही इतिहासाच्या कडेला जातात.

७/ सोन्थायमर यांनी दोन्ही साधने एकत्र वाचली. ‘वन’ आणि ‘क्षेत्र’, म्हणजे रानातले फिरते जग आणि नांगरटीचे स्थिर जग, यांच्या संबंधातून त्यांनी या दैवतांचा उलगडा केला. १९७६ साली जर्मनमध्ये आलेला त्यांचा ग्रंथ १९८९ साली अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या अनुवादातून इंग्रजीत पोहोचला.

८/ अणदूर-नळदुर्गला आज जाणाऱ्या तरुण अभ्यासकानेही ‘मूळ ठाणे’ थोडे बाजूला ठेवावे. देव कधी निघतो, त्याला कोण नेते आणि करारावर कोणाची नावे असतात, हे आधी विचारावे. या प्रश्नांची उत्तरे गावाजवळ आहेत.